रक्तदाबाच्या गोळ्या आणि शरीरसंबंध : गोळी बंद करावी का?

प्रश्न – इंद्रायणीकाठ

नमस्कार. माझे वय ५१ वर्षे असून चाकणजवळच्या एका कारखान्यात मी देखभाल विभागात पर्यवेक्षक आहे. अडीच वर्षांपूर्वी कंपनीच्या वार्षिक तपासणीत माझा रक्तदाब १६४/१०२ निघाला आणि दोन आठवड्यांनी पुन्हा मोजल्यावरही तो उतरला नाही, तेव्हा डॉक्टरांनी अ‍ॅटेनोलॉल ५० आणि क्लोरथॅलिडोन १२.५ ही दोन्ही औषधे एकत्र असलेली गोळी रोज सकाळी घ्यायला सांगितली. महिन्याभरात रक्तदाब आटोक्यात आला आणि त्याबाबतीत माझी काहीच तक्रार नाही.

तीन-चार महिन्यांनंतर मात्र शरीरसंबंधाच्या वेळी ताठरता येईनाशी झाली, आणि आली तरी टिकेनाशी झाली. इच्छा आहे, पण शरीर साथ देत नाही. सुरुवातीला मी कामाच्या थकव्यावर खापर फोडले, नंतर पत्नीपासून टाळाटाळ करू लागलो, आणि आता रात्री ती झोपेपर्यंत बाहेरच्या खोलीत टीव्हीसमोर बसून राहणे ही माझी सवय झाली आहे. तिने एकदाच विचारले, “माझं काही चुकलं का?” त्या प्रश्नाला मी उत्तर दिले नाही, आणि त्याचे मला आजही वाईट वाटते.

गेल्या दिवाळीत मी कोणाला न सांगता गोळी बंद केली. पत्नी पाकिटात किती गोळ्या उरल्या आहेत हे पाहते, म्हणून रोज सकाळी एक गोळी काढून मी ती बेसिनमध्ये टाकून वर पाणी सोडत असे. नवव्या दिवशी पहाटे छातीत इतकी धडधड सुरू झाली की मी उठून बसलो. शेजारच्या दवाखान्यात रक्तदाब १८२/११० भरला. त्याच दिवशी गोळी पुन्हा सुरू केली.

डॉक्टरांना हे सांगायचे असे ठरवून मी दोनदा गेलो. परंतु टेबलाशेजारी मदतनीस ताई उभ्या असतात, पडद्यापलीकडे पुढचा रुग्ण बसलेला असतो, आणि मीठ कमी केले का, झोप लागते का, एवढे विचारून होईपर्यंत चिठ्ठी हातात आलेली असते. हा त्रास खरोखर गोळीमुळे होतो का? गोळी बदलता येते का? आणि एका मित्राने देऊ केलेली ताठरतेची गोळी मी बी.पी.च्या गोळीबरोबर घेतली तर चालेल का?

उत्तर – तालुक्याचा डॉक्टर

आपण हे लिहिलेत ते फार चांगले केलेत. मी एका तालुक्याच्या गावी २७ वर्षे फिजिशियन म्हणून काम करत आहे आणि आपल्यासारखीच गोष्ट माझ्यासमोर दारापाशी निघता निघता, चपला घालताना, “अजून एक विचारायचं होतं” अशी सुरुवात करून सांगणारे पुष्कळ रुग्ण पाहिले आहेत. न सांगणाऱ्यांची संख्या त्याहून कितीतरी मोठी असणार, कारण औषध नियमित घेतो असे सांगूनही ज्यांचा रक्तदाब उतरत नाही, अशांपैकी काहींच्या घरी गोळ्या न घेण्याचे कारण हेच असते.

सर्वांत आधी एक विनंती. अ‍ॅटेनोलॉल ही बीटा-ब्लॉकर गटातली गोळी आहे आणि ती पुन्हा कधीही एकाएकी बंद करू नका. ही औषधे अ‍ॅड्रिनलिनला हृदयापाशी अडवून धरतात. महिनोन्महिने असे अडवल्यानंतर हृदय त्या संप्रेरकाला अधिक हळवे झालेले असते, आणि अडसर अचानक काढला की नाडी धावते, रक्तदाब उसळतो. ज्यांना हृदयविकार आहे, मग तो त्यांना ठाऊक असो वा नसो, त्यांना अशा वेळी छातीत कळ येऊ शकते, हृदयविकाराचा झटकाही येऊ शकतो. आपल्याला नवव्या दिवशी पहाटे जे झाले ते हेच असण्याची शक्यता मोठी आहे. (क्लोनिडिन नावाच्या गोळीबाबतही असेच आहे, ती अचानक सोडल्यास रक्तदाब पूर्वीपेक्षाही वर जाऊ शकतो.)

आता आपला मुख्य प्रश्न. आपल्या एका गोळीत दोन औषधे आहेत आणि या तक्रारीशी ज्यांचे नाव नेहमी जोडले जाते, अशा दोन गटांतली ती दोन्ही आहेत. क्लोरथॅलिडोन ही लघवी वाढवून रक्तदाब उतरवणारी गोळी. सौम्य रक्तदाबाच्या रुग्णांवर अमेरिकेत झालेल्या एका मोठ्या अभ्यासाचे या विषयावरचे निष्कर्ष १९९७ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात दोन वर्षांच्या काळात क्लोरथॅलिडोन घेणाऱ्या पुरुषांपैकी सुमारे १७ टक्क्यांना, तर औषध नसलेली दिखाऊ गोळी घेणाऱ्यांपैकी सुमारे ८ टक्क्यांना ताठरतेची तक्रार जाणवली. चार वर्षांनंतर मात्र हा फरक लक्षणीय राहिला नव्हता. याचा अर्थ असा की औषधाचा वाटा खरा आहे. पण औषध न घेणाऱ्यांनाही हा त्रास होतो, कारण वाढलेला रक्तदाब स्वतःच रक्तवाहिन्यांचे अस्तर खराब करत असतो.

बीटा-ब्लॉकरची बदनामी त्यांच्या दोषापेक्षा मोठी आहे, असे माझे मत आहे. पंधरा चाचण्यांमधील ३५,००० हून अधिक रुग्णांची माहिती एकत्र करून २००२ मध्ये जो आढावा प्रसिद्ध झाला, त्यात या गोळ्यांमुळे दरवर्षी दर हजार रुग्णांमागे लैंगिक तक्रारी साधारण पाचने वाढतात, असे दिसले. त्याहून विचार करायला लावणारा अभ्यास इटलीतला, २००३ सालचा आहे. नव्याने हृदयविकाराचे निदान झालेल्या आणि तोवर ताठरतेची काहीही तक्रार नसलेल्या ९६ पुरुषांना अ‍ॅटेनोलॉलच देण्यात आले. एका गटाला आपण कोणते औषध घेत आहोत हे माहीत नव्हते. त्यांच्यापैकी सुमारे ३ टक्क्यांना त्रास झाला. दुसऱ्या गटाला औषधाचे नाव सांगितले, पण दुष्परिणाम सांगितला नाही. तिथे हे प्रमाण सुमारे १६ टक्के झाले. तिसऱ्या गटाला दोन्ही सांगितले, आणि ३१ टक्के पुरुषांनी तक्रार केली. पुढे ज्यांना त्रास झाला त्यांना सिल्डेनाफिल ही ताठरतेची गोळी आणि दिखाऊ गोळी दोन्ही देऊन पाहिल्या, तर दोहोंनी जवळजवळ सारखाच गुण आला.

यावरून आपला त्रास “मनाचा खेळ” आहे असे कृपया समजू नका. ताठरता ही मन, मज्जातंतू, संप्रेरके आणि रक्तवाहिन्या या चौघांनी मिळून करण्याची गोष्ट आहे. भीती त्यातल्या प्रत्येकाला बिघडवू शकते आणि भीतीने बिघडलेले शरीर खरोखरच बिघडलेले असते. रुग्णाला दुष्परिणाम सांगावा तर तो सांगण्यानेच वाढतो आणि लपवावा तर विश्वासघात होतो, हा पेच मला अनेक वर्षे छळत आला आहे. मी सांगतो, मात्र त्याच वाक्यात हेही सांगतो की असे झाले तर माझ्याकडे दुसरी गोळी आहे, तेव्हा मला येऊन सांगा.

आपल्या बाबतीत मी काय तपासले असते ते लिहितो. पहाटे झोपेतून उठताना ताठरता येते का, हे पहिले. येत असेल तर रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू बऱ्यापैकी काम करत आहेत, असे समजायला हरकत नाही. दुसरे, उपाशीपोटीची साखर आणि एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांतील साखरेची सरासरी दाखवणारी तपासणी), कोलेस्टेरॉल, सकाळच्या वेळचे टेस्टोस्टेरॉन, आणि तंबाखू किंवा सिगारेट आहे का, ही चौकशी. तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्या साधारण ३ ते ४ मिलिमीटर रुंद असतात, तर लिंगाच्या धमन्या १ ते २ मिलिमीटर. चरबीचा थर दोन्हीकडे सारखाच साचत असला तरी अरुंद नळी आधी अडते. म्हणून हृदयविकार असलेल्या अनेक पुरुषांमध्ये ताठरतेची तक्रार छातीच्या तक्रारीच्या दोन ते पाच वर्षे आधी आलेली आढळते. पन्नाशीतल्या रक्तदाबाच्या रुग्णाने ही तक्रार केली तर केवळ गोळी बदलून त्याला घरी पाठवू नये. ईसीजी काढावा आणि गरज वाटल्यास स्ट्रेस टेस्ट करावी.

गोळी नक्कीच बदलता येते. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने २००६ मध्येच, इतर गुंतागुंत नसलेल्या रक्तदाबासाठी बीटा-ब्लॉकर पहिली निवड म्हणून देऊ नयेत, असे मार्गदर्शन केले. टेल्मिसार्टन, लोसार्टन, व्हल्सार्टन यांसारख्या गोळ्या किंवा अ‍ॅम्लोडिपिन यांचा शरीरसंबंधावर सहसा वाईट परिणाम होत नाही. व्हल्सार्टन-लोसार्टनच्या काही अभ्यासांत तर थोडी सुधारणाच दिसली आहे. ज्यांना झटका येऊन गेला आहे किंवा ज्यांचे हृदय कमजोर आहे, त्यांच्या बाबतीत मात्र बीटा-ब्लॉकर जीव वाचवणारे औषध असते आणि ते काढण्याचा आग्रह धरू नये. अशा वेळी त्याच गटातील नेबिव्होलॉलचा विचार करता येतो, कारण ते रक्तवाहिन्यांमध्ये नायट्रिक ऑक्साइड वाढवते आणि ताठरतेसाठी तोच वायू लागतो. बदल करताना एका वेळी एकच गोळी बदलावी, बीटा-ब्लॉकर एक-दोन आठवड्यांत टप्प्याटप्प्याने उतरवावे आणि फरक पडला की नाही हे ठरवायला किमान चार ते सहा आठवडे द्यावेत. मित्राची गोळी तूर्त घेऊ नका.

डॉक्टरांना तोंडाने सांगणे अवघड वाटत असेल तर एका कागदावर “या गोळीनंतर संबंधाच्या वेळी ताठरता येत नाही, एकट्याशी बोलायचे आहे” एवढे लिहून तो जुन्या चिठ्ठीबरोबर पुढे ठेवा. कोणताही जबाबदार डॉक्टर तो वाचल्यावर मदतनिसांना बाहेर थांबायला सांगेल.

उत्तर – दोन स्टेंट

डॉक्टरसाहेबांनी मित्राच्या गोळीविषयी एका वाक्यात लिहिले आहे. मी त्यावर सविस्तर लिहितो, कारण ते माझ्या घरात घडले आहे.

चार वर्षांपूर्वी माझी अँजिओप्लास्टी होऊन दोन स्टेंट बसले. रुग्णालयातून निघताना जेवण, चालणे, जिने, प्रवास या सगळ्यांविषयी छापील कागद मिळाला. पत्नीशी संबंध केव्हा ठेवावेत याविषयी त्यात एक अक्षर नव्हते आणि मीही विचारले नाही. आम्ही दोघांनी आपापल्या मनाने सात महिने अंतर ठेवले. तिला वाटे की मला काही होईल; मलाही तेच वाटे. पुढे एका नातेवाइकाने कागदात गुंडाळून दिलेली सिल्डेनाफिलची गोळी मी घेतली. दोन तासांनी छातीत थोडे दाटल्यासारखे झाले म्हणून नेहमीच्या सवयीने शर्टाच्या खिशातली सॉर्बिट्रेट जिभेखाली ठेवली. पुढचे मला आठवते ते न्हाणीघराच्या दाराशी थंडगार फरशीवर टेकलेला गाल, आणि पत्नी माझे पाय उचलून स्टुलावर ठेवत आहे, एवढेच. कॅज्युअल्टीत वरचा रक्तदाब ७० होता.

तेथील तरुण डॉक्टरांनी मला तीनदा विचारले की आज काही वेगळी गोळी घेतली होती का, आणि मी दोनदा नाही म्हणालो. तिसऱ्यांदा त्यांनी पत्नीला बाहेर थांबायला सांगून, आवाज खाली आणून विचारले, तेव्हा मी खरे सांगितले. त्यांनी जे समजावले ते मी जमेल त्या प्रत्येकाला सांगतो. सॉर्बिट्रेट आणि त्या जातीची सर्व नायट्रेट औषधे, मग ती जिभेखालची असोत, पोटात घ्यायची असोत वा त्वचेवर लावायची पट्टी असो, रक्तवाहिन्या सैल करतात. सिल्डेनाफिल त्याच वाटेने काम करते, म्हणून दोन्ही एकत्र आली तर रक्तदाब कोसळतो. सिल्डेनाफिल घेतल्यापासून २४ तास आणि त्याच जातीची टाडालाफिल घेतल्यापासून ४८ तास नायट्रेट घेता येत नाही. निकोरँडिल नावाच्या गोळीलाही हाच नियम लागू आहे. त्या काळात छातीत दुखले तर घरी काहीही जिभेखाली न ठेवता थेट रुग्णालय गाठावे आणि दारातच सांगावे की अमुक गोळी घेतली आहे. ज्यांना नायट्रेट रोज सुरू आहे त्यांनी ही गोळी घ्यायचीच नाही.

शंभर टक्के वनौषधींच्या म्हणून विकल्या जाणाऱ्या शक्तिवर्धक कॅप्सूलनाही हेच लागू आहे. अशा अनेक उत्पादनांत लपवून घातलेले सिल्डेनाफिल अमेरिकेच्या औषध प्रशासनाला वारंवार सापडले आहे. म्हणजे आपण काय घेतले हे रुग्णालाच माहीत नसते आणि कॅज्युअल्टीत खरे सांगायची इच्छा असली तरी सांगता येत नाही.

भीतीविषयी दोन शब्द. माझ्या हृदयतज्ज्ञांनी नंतर सांगितले की नेहमीच्या जोडीदाराबरोबरच्या संबंधाला साधारण दोन जिने न थांबता चढण्याइतके श्रम पडतात, आणि ते दम न लागता, छातीत न दुखता जमत असेल तर सहसा काळजीचे कारण नसते. मी आमच्या इमारतीचे दोन मजले रोज चढतच होतो. ते वाक्य मला सात महिने आधी कोणीतरी सांगायला हवे होते.

उत्तर – कोकणातली शिक्षिका

या चर्चेत बाईने लिहावे की नाही, याचा मी दोन दिवस विचार केला. रक्तदाबाच्या गोळ्या बायकाही घेतात. परंतु आम्हाला हा प्रश्न कोणी विचारत नाही आणि आम्ही तो सांगण्याची पद्धत तर नाहीच.

मी ४९ वर्षांची आहे. रक्तदाबाची गोळी सुरू झाल्यावर इच्छा मंदावली, कोरडेपणा येऊन दुखू लागले, आणि त्याच सुमारास पाळीही अनियमित झाली. आता कशामुळे काय, हे मला कळेना. मी स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंना सांगितले तेव्हा त्यांनी दोन्हींचा वेगवेगळा विचार केला. कोरडेपणा मुख्यतः पाळी जाण्याच्या काळातला आहे, असे सांगून त्यांनी आतून लावायचे इस्ट्रोजेनचे मलम दिले, आणि माझ्या फिजिशियनना चिठ्ठी लिहून अ‍ॅटेनोलॉलऐवजी व्हल्सार्टन देता येईल का, असे विचारले. पाळी गेलेल्या, रक्तदाब असलेल्या स्त्रियांमध्ये या दोन औषधांची तुलना करणारा अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला असून त्यात व्हल्सार्टन घेणाऱ्यांची इच्छा सुधारली आणि अ‍ॅटेनोलॉल घेणाऱ्यांची उतरली, असे त्यांनी मला सांगितले. मला तीन महिन्यांत बराच फरक पडला. तो मलमाने किती आणि गोळीने किती, हे मी सांगू शकणार नाही.

इंद्रायणीकाठ, आपल्याला एक गोष्ट एका पत्नीच्या जागेवरून सांगते. नवरा टीव्हीसमोर बसून राहतो तेव्हा आतल्या खोलीत जागी असलेली बाई गोळीचा विचार करत नाही. ती आपल्या पांढऱ्या केसांचा, सुटलेल्या अंगाचा, नाहीतर दुसऱ्या कुणाचा विचार करते. आपल्या पत्नीने जो प्रश्न विचारला, तो विचारायला तिला फार धीर गोळा करावा लागला असेल. डॉक्टरांकडे जाण्याआधी तिला सांगा, आणि जमले तर तिला बरोबर न्या.

उत्तर – औषधविक्रेता

वरच्या चर्चेत न आलेला एक मुद्दा थोडक्यात मांडतो. हृदय कमजोर असणाऱ्यांना आणि हट्टी रक्तदाब असणाऱ्यांना स्पायरोनोलॅक्टोन दिले जाते; कधी ते फुरोसेमाइडबरोबर एकाच गोळीत असते. या औषधाने पुरुषांच्या छातीला सूज येऊन दुखू शकते, कारण ते पुरुषी संप्रेरकाच्या कामातही अडथळा आणते. हृदय कमजोर असलेल्या रुग्णांवरच्या १९९९ च्या एका मोठ्या चाचणीत हे औषध घेणाऱ्या पुरुषांपैकी १० टक्क्यांना, तर न घेणाऱ्यांपैकी १ टक्क्याला अशी तक्रार होती. डिगॉक्सिननेही असे होऊ शकते. एक वयस्कर गृहस्थ कर्करोग झाला या समजुतीने चार महिने बनियनवर बनियन घालून वावरत होते आणि दुकानात चिठ्ठी देताना त्यांनी मला हळूच विचारले. मी त्यांना त्याच संध्याकाळी डॉक्टरांकडे परत पाठवले; डॉक्टरांनी तपासून कर्करोगाची शंका दूर केली आणि एप्लेरेनोन सुरू केले, ज्यात हा त्रास क्वचित होतो. अशी गाठ किंवा सूज असेल तर ती दाखवून खात्री करून घ्यावी; आणि हृदय कमजोर असणाऱ्यांनी हीही गोळी आपल्या मनाने सोडू नये.

इंद्रायणीकाठ

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिलेत, त्यामुळे सात आठवड्यांनी का होईना, पुढचे कळवणे माझे कर्तव्य आहे.

शिक्षिकाताईंचे ऐकून मी आधी पत्नीला सांगितले. बेसिनमध्ये टाकलेल्या गोळ्यांचेही सांगितले; त्याचा तिला सर्वाधिक राग आला आणि ती त्या रात्री बराच वेळ बोलली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनेच दवाखान्यात फोन करून वेळ घेतली. डॉक्टरांसमोर मी कागद ठेवला. त्यांनी तो वाचला, मदतनीस ताईंना पाणी आणायला पाठवले, आणि पंचवीस मिनिटे आम्हा दोघांशी बोलले. ते म्हणाले की हे मी विचारायला हवे होते.

ईसीजी आणि स्ट्रेस टेस्टमध्ये काळजीसारखे काही निघाले नाही. एचबीएवनसी ६.२ आले, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहे. त्याविषयी मला काहीच कल्पना नव्हती. एका वेळी एकच औषध बदलायचे म्हणून त्यांनी आधी अ‍ॅटेनोलॉल २५ वर आणून दोन आठवड्यांत थांबवले आणि त्या जागी टेल्मिसार्टन ४० दिले. क्लोरथॅलिडोन तूर्त वेगळ्या गोळीतून सुरू आहे. ते काढायचे की नाही हे पुढच्या भेटीत ठरेल. गेल्या रविवारी रक्तदाब १३४/८४ होता. मी दुपारच्या पाळीनंतर कंपनीच्या फाटकापासून बसथांब्यापर्यंत रिक्षा न करता चालत येतो.

मूळ तक्रार पूर्ण गेलेली नाही. गेल्या पंधरवड्यात पहाटेची ताठरता दोन-तीनदा परत आली आहे आणि एकदा सर्व काही पूर्वीसारखे झाले. एकदा झाले नाही, आणि त्या दिवशी आम्ही दिवा लावून चहा करून प्यायलो. मित्राची गोळी मी त्याला परत दिली. त्याच्या खिशात सॉर्बिट्रेट असते हे मला आठवले, म्हणून ‘दोन स्टेंट’ यांचे उत्तर त्याला तिथेच वाचून दाखवले.